सॅम्युएल बॅटल : न्यूयॉर्क पोलीस दलातील पहिल्या कृष्णवर्णीय शिपायाची गोष्ट

२८ जून १९११ रोजी न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलात सॅम्युएल जेसी बॅटल हा २८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण शिपाई म्हणून रुजू झाला. त्या वेळी दलात सुमारे १० हजार माणसे होती आणि शहरात जवळपास ९२ हजार कृष्णवर्णीय राहत होते. तरीही मॅनहॅटनच्या रस्त्यांवर वर्दीतला कृष्णवर्णीय पोलीस लोकांनी पाहिलेला नव्हता. पुढे बॅटल सार्जंट झाले, लेफ्टनंट झाले आणि शहराचे पॅरोल आयुक्तही झाले. या तिन्ही पदांवर पोहोचणारे ते पहिले कृष्णवर्णीय होते.

बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या आपल्या तरुणांना मार्टिन ल्युथर किंग, माल्कम एक्स, रोझा पार्क्स ही नावे माहीत आहेत. ब्लॅक पँथरचे नाव तर दलित पँथरमुळे घरोघरी पोहोचले. बॅटल यांचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नाही. पोलीस भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या, पीएसआयच्या परीक्षेसाठी अभ्यासिकेत बसणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे चरित्र वाचावे असे आम्हाला वाटते. दार कसे उघडते, उघडल्यानंतर आत काय सोसावे लागते आणि एक माणूस आत गेल्याने काय बदलते व काय बदलत नाही, हे तिन्ही त्यात दिसते.

गुलामाच्या घरातला मुलगा

बॅटल यांचा जन्म १६ जानेवारी १८८३ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या न्यू बर्न या गावी झाला. वडील थॉमस आणि आई अ‍ॅन. वडिलांचा जन्म गुलामगिरीत झाला होता. मुक्तीनंतर ते गवंडीकाम करू लागले आणि मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. जन्मतःच सॅम्युएलचे वजन १६ पौंड, म्हणजे सात किलोंहून अधिक होते असे सांगतात. मोठेपणी त्यांची उंची सहा फुटांच्या वर गेली आणि हार्लेममध्ये लोक त्यांना ‘बिग सॅम’ म्हणू लागले.

लहानपणीची एक गोष्ट ते स्वतः सांगत. ज्या गोऱ्या मालकाकडे ते काम करत, त्याच्या पैशांवर त्यांनी हात मारला आणि पकडले गेले. वडिलांच्या अब्रूकडे पाहून मालकाने त्यांना तुरुंगात पाठवले नाही, पण हा मुलगा वर्षभरात गजाआड दिसेल असे भाकीत केले. ते भाकीत खोटे पाडायचे, असे त्या मुलाने ठरवले. पुढे त्याच मुलाने पोलिसाची वर्दी घातली, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात तुरुंगातून सुटणाऱ्यांचे भवितव्य ठरवणाऱ्या मंडळावर तो बसला.

तो काळ दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांसाठी पुन्हा अंधारत चालला होता. १८९८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्याच विल्मिंग्टन शहरात गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी कृष्णवर्णीयांची हत्या केली आणि लोकांनी निवडून दिलेले नगर शासन बळाने उलथून टाकले. त्यानंतर दोन वर्षांतच राज्याने कायद्यात अशा अटी घातल्या की बहुतेक कृष्णवर्णीयांचे मत गेले. अशा दिवसांत बॅटल यांनी गाव सोडले. ते आधी कनेक्टिकटमध्ये आले आणि मग न्यूयॉर्कला. आपल्या आजोबा-पणजोबांनी गावकी सोडून मुंबई-नागपूरच्या गिरण्यांची आणि रेल्वेची वाट धरली, त्याला जशी कारणे होती, तशीच ही होती.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी घरगडी म्हणून काम केले. नंतर ग्रँड सेंट्रल स्टेशनवर ते लाल टोपीवाल्या हमालांत भरती झाले. या हमालांना ‘रेड कॅप’ म्हणत. प्रवाशांचे सामान उचलण्याचे हे काम, पण त्यात शिकलेले, कॉलेजात जाणारे कितीतरी कृष्णवर्णीय तरुण होते, कारण त्यांना दुसरे काम कुणी देत नव्हते. त्यांचे प्रमुख जेम्स विल्यम्स हे समाजातले वजनदार गृहस्थ होते. १९०५ मध्ये बॅटल यांचे फ्लॉरेन्स कॅरिंग्टन यांच्याशी लग्न झाले. संसार वाढू लागला आणि कायम पगाराची, पेन्शनची, मानाची नोकरी हवी असे त्यांच्या मनाने घेतले.

पोलिसांत कृष्णवर्णीय का हवे होते

या मागणीमागे एक जखम होती. ऑगस्ट १९०० मध्ये न्यूयॉर्कच्या टेंडरलॉइन वस्तीत साध्या वेशातल्या एका गोऱ्या पोलिसाचा एका कृष्णवर्णीय माणसाशी झटापटीत मृत्यू झाला. त्यानंतर गोऱ्या जमावाने दिसेल त्या कृष्णवर्णीयाला मारहाण केली. जमावाला आवरायचे सोडून पोलीसच दंडुके घेऊन त्यात सामील झाले. समाजातल्या धर्मोपदेशकांनी आणि पत्रकारांनी संघटना उभारली आणि जखमींचे जबाब गोळा केले. तरीही एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही. शहरात कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती. पोलीस फक्त गोरे असतील तर आपल्याला न्याय मिळणार नाही, हे लोकांच्या मनात पक्के झाले होते.

इथे एक खुलासा करायला हवा. बॅटल यांना न्यूयॉर्कचे ‘पहिले कृष्णवर्णीय पोलीस’ म्हणतात, त्याचा नेमका अर्थ समजून घ्यावा. ब्रुकलिन पूर्वी स्वतंत्र शहर होते. तिथे १८९१ मध्ये वायली ओव्हर्टन नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ पोलीस झाले. गोऱ्या सहकाऱ्यांनी त्यांना इतके छळले की ते फार काळ टिकले नाहीत. त्यांच्यामागून आलेल्या मोजक्या कृष्णवर्णीय पोलिसांत बॅटल यांचे मेहुणे मोझेस कॉब हेही होते. १८९८ मध्ये ब्रुकलिन न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले. त्यामुळे एकत्रित महानगराने स्वतः भरती केलेले पहिले कृष्णवर्णीय पोलीस म्हणजे बॅटल. ‘पहिला’ म्हटले की त्याच्याआधी आत शिरून छळाने बाहेर पडलेल्यांची नावे पुसली जातात. ओव्हर्टन यांचे नाव म्हणूनच इथे मुद्दाम नोंदवत आहोत.

परीक्षा पास, हृदय नापास

बॅटल स्टेशनवरचे काम सांभाळून अभ्यास करत होते. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ६३८ उमेदवारांच्या यादीत त्यांचा क्रमांक १९९ वा लागला. त्या यादीतून त्यांची निवड सहज व्हायला हवी होती. पण वैद्यकीय तपासणीत पोलीस खात्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या हृदयात दोष असल्याचे सांगून त्यांना अपात्र ठरवले. रोज जड सामान उचलून धावणाऱ्या धिप्पाड माणसाच्या हृदयात हा दोष नेमका भरतीच्या वेळीच सापडला.

आपल्याकडच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. भेदभाव करणारे कार्यालय ‘तुझ्या जातीमुळे नाही’ असे कधी लिहून देत नाही. ते नियम दाखवते, एखादा कागद कमी असल्याचे सांगते, तब्येतीवर बोट ठेवते. अर्ज नाकारण्याचे कारण कागदावर नेहमी स्वच्छ असते.

बॅटल घरी बसले नाहीत. त्यांनी बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. हृदय ठणठणीत असल्याचा निर्वाळा मिळाला. त्यानंतर समाजातली वजनदार माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. ‘न्यूयॉर्क एज’ हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र होते. त्याचे संपादक फ्रेड मूर आणि इतर पुढाऱ्यांनी शहर प्रशासनावर दबाव आणला. पुन्हा वैद्यकीय तपासणी झाली आणि या वेळी तेच हृदय पास झाले. नवे पोलीस आयुक्त र्‍हाइनलँडर वाल्डो यांनी त्यांची नेमणूक केली.

या घटनेतले दोन भाग वेगळे करून पाहावेत. परीक्षेतला क्रमांक बॅटल यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवला होता. पण त्या क्रमांकाची किंमत वसूल झाली ती समाजाच्या दबावामुळे. गुणवत्ता नसती तर दबावाला आधार राहिला नसता, आणि दबाव नसता तर ती गुणवत्ता फायलीतच राहिली असती.

ध्वजाच्या माळ्यावरची खाट

बॅटल यांना पश्चिम ६८ व्या रस्त्यावरच्या पोलीस ठाण्यात पाठवण्यात आले. ठाण्याच्या हद्दीत सान हुआन हिल ही कृष्णवर्णीयांची दाट वस्ती होती. (आज त्या भागात लिंकन सेंटर उभे आहे.) त्या काळी पोलिसांना गस्तीशिवाय राखीव ड्युटीसाठी ठाण्यातच मुक्काम करावा लागे. वरच्या बराकीत ओळीने खाटा असत. गोऱ्या शिपायांनी बॅटल यांच्यासोबत एका बराकीत झोपायला नकार दिला. शेवटी त्यांची खाट जिथे राष्ट्रध्वज गुंडाळून ठेवत त्या माळ्यावर लावण्यात आली.

शिवाय त्यांच्याशी कुणी बोलत नव्हते. हजेरीच्या वेळी, ठाण्यात येता-जाता, गस्तीवर जोडीदार म्हणून असतानाही एक शब्द नाही. हा अबोला दिवसांचा नव्हता, महिनोन्महिने चालला. रस्त्यावर वेगळाच प्रकार. कृष्णवर्णीय पोलीस पाहायला गर्दी लोटे. शहर दाखवणाऱ्या बसचे वाटाडे पर्यटकांना बोट करून त्यांना दाखवत. एका रात्री त्यांच्या खाटेशी एक चिठ्ठी सापडली. चिठ्ठीला बंदुकीच्या गोळीएवढे भोक पाडलेले होते आणि नोकरी सोडली नाही तर तुझीही अशीच गत होईल, असा मजकूर होता.

आपल्या समाजाला वेगळ्या पंगतीची, वेगळ्या माठाची, वेगळ्या बाकाची आठवण सांगावी लागत नाही. बाबासाहेबांनी बडोद्याच्या कचेरीत काय सोसले ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. परदेशातून शिकून आलेल्या अधिकाऱ्याला राहायला घर मिळत नव्हते. पद मिळाले की माणूसपण आपोआप मिळते असे नाही, हे बडोद्यात जसे दिसले तसेच न्यूयॉर्कच्या त्या ठाण्यातही दिसले.

बॅटल यांनी काय केले? वृत्तपत्रांचे बातमीदार त्यांच्या मागे होते. एका वाक्याची तक्रार केली असती तर ती पहिल्या पानावर आली असती. त्यांनी तक्रार केली नाही. गस्त चोख घातली आणि माळ्यावरच्या एकांताचा वापर अभ्यासासाठी केला. कायद्याची, परीक्षेची पुस्तके ते तिथे वाचत.

दहा पारमितांत आपण क्षांतीचा उच्चार करतो. द्वेषाला द्वेषाने उत्तर न देण्याचे बळ म्हणजे क्षांती. बॅटल यांच्या वागण्यात आम्हाला ते बळ दिसते. पण इथे सावध राहायला हवे. क्षांती ज्याने त्याने स्वतः निवडायची असते. छळणाऱ्याने किंवा वरिष्ठाने ‘तू सहन कर’ असे सांगणे म्हणजे क्षांती नव्हे. बॅटल यांनी मौन निवडले, कारण आपण बाहेर फेकले गेलो तर पुढच्या अर्जदाराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, हे ओव्हर्टन यांच्या अनुभवावरून दिसत होते. आज एखाद्या प्रशिक्षण केंद्रात, वसतिगृहात किंवा कार्यालयात जातीवरून छळ होत असेल तर कायदा आहे, संघटना आहेत. तिथे गप्प बसण्यासाठी बॅटल यांचे उदाहरण कुणी देऊ नये.

हार्लेम, १९१९ आणि बढतीचा रस्ता

१९१३ च्या सुमारास बॅटल यांची बदली हार्लेममध्ये, पश्चिम १३५ व्या रस्त्यावरच्या ठाण्यात झाली. तेव्हा कृष्णवर्णीयांची वस्ती झपाट्याने हार्लेमकडे सरकत होती. दलात आणखी काही कृष्णवर्णीय शिपाई आले होते. त्यांपैकी रॉबर्ट होम्स हे १९१७ मध्ये कर्तव्यावर असताना मारले गेले.

त्याच वर्षी, जुलै १९१३ मध्ये, एक भारतीय विद्यार्थी न्यूयॉर्कला उतरला आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. भीमराव रामजी आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठ मॉर्निंगसाइड हाइट्सच्या टेकडीवर आहे आणि त्या टेकडीच्या पायथ्याशी हार्लेम सुरू होते. बाबासाहेब १९१६ पर्यंत तिथे होते. या दोघांची गाठ पडली असे आम्हाला म्हणायचे नाही. एवढेच सांगायचे आहे की ज्या शहरात बाबासाहेब जातिसंस्थेवरचा आपला पहिला निबंध वाचत होते, त्याच शहरात थोड्या अंतरावर एक कृष्णवर्णीय शिपाई सहकाऱ्यांच्या बहिष्कारात आपली नोकरी टिकवत होता. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतल्या साम्याचा उल्लेख केला.

१९१९ चा उन्हाळा अमेरिकेत वांशिक हिंसाचाराचा होता. हार्लेमच्या लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यू आणि १३५ व्या रस्त्याच्या चौकात संतप्त जमावाने एका गोऱ्या पोलिसाला घेरले. बॅटल गर्दीत घुसले आणि त्याला जिवंत बाहेर काढले. ज्या दलाने त्यांना माळ्यावर झोपवले, त्याच दलातल्या माणसाचा जीव त्यांनी वाचवला.

या प्रसंगाचा परिणाम पुढे बढतीच्या परीक्षेत दिसला. सार्जंटच्या परीक्षेची तयारी करून घेणारी खासगी शिकवणी होती. तिथल्या गोऱ्या पोलिसांनी बॅटल यांना वर्गात घ्यायला विरोध केला होता. गोऱ्या सहकाऱ्याला वाचवल्यानंतर तो विरोध गळून पडला आणि त्यांना प्रवेश मिळाला. माणुसकीचा हा गोड शेवट म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. आम्हाला त्यातली कडू बाजूही दिसते. इतरांना फी भरून मिळणारा प्रवेश त्यांना जीव धोक्यात घालून मिळवावा लागला.

१९२६ मध्ये ते सार्जंट झाले. शिपाईपदापासून इथवर यायला १५ वर्षे लागली. १९३५ मध्ये ते लेफ्टनंट झाले. या काळात त्यांनी आपल्यापुरते पाहिले नाही, हे महत्त्वाचे. रेड कॅपचे प्रमुख जेम्स विल्यम्स यांचा मुलगा वेस्ली याला अग्निशमन दलात जायचे होते. बॅटल यांनी त्याला मार्गदर्शन केले. वेस्ली विल्यम्स १९१९ मध्ये अग्निशमन दलात आले, तिथे त्यांनीही तसाच बहिष्कार सोसला, आणि १९४० मध्ये कृष्णवर्णीय जवानांची ‘व्हल्कन सोसायटी’ ही संघटना उभी केली. पोलीस दलातही १९४३ मध्ये कृष्णवर्णीय पोलिसांनी ‘गार्डियन्स’ ही संघटना सुरू केली. तिला अधिकृत मान्यता १९४९ मध्ये मिळाली. एकट्या माणसाच्या सोशिकपणावर चाललेली लढाई आता संघटनेच्या बळावर आली.

एका फोटोने काय झाले, काय झाले नाही

१९ मार्च १९३५. हार्लेमच्या १२५ व्या रस्त्यावरच्या एका दुकानात लिनो रिव्हेरा हा १६ वर्षांचा पोर्तो रिकन मुलगा छोटा चाकू उचलताना पकडला गेला. मुलाला मागच्या दाराने सोडून देण्यात आले, पण पोलिसांनी त्याला मारून टाकले अशी अफवा पसरली. लोक रस्त्यावर आले, दुकाने फुटली, रात्रभर दंगल चालली. तीन माणसे मेली, शंभराहून अधिक जणांना अटक झाली.

मुलगा जिवंत आहे हे लोकांना दाखवायचे होते. त्यासाठी लेफ्टनंट बॅटल यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघांचा फोटो काढण्यात आला. तो फोटो सगळीकडे छापला गेला. अधिकारी गोरा असता तर त्या फोटोवर कुणी विश्वास ठेवला नसता, हे प्रशासनाला कळत होते.

पण एक प्रश्न उरतोच. पोलिसांनी मुलाला मारले असेल, यावर हार्लेमने इतक्या लवकर विश्वास का ठेवला? महापौर ला गार्डिया यांनी नेमलेल्या आयोगाने त्याचे उत्तर शोधले. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी त्यासाठी अभ्यास केला. नोकऱ्यांतला भेदभाव, कोंदट घरे, मदतवाटपातला पक्षपात आणि पोलिसांची मारहाण ही दंगलीची खरी कारणे असल्याचे त्यात मांडले होते. महापौरांनी तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. १९३६ मध्ये ‘अ‍ॅमस्टरडॅम न्यूज’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने तो छापला.

१९४१ मध्ये ला गार्डिया यांनी बॅटल यांना पॅरोल आयुक्त केले. त्या जागेवर त्यांच्याआधी प्रसिद्ध बेसबॉलपटू लू गेरिग होते. दोन वर्षांनी, १ ऑगस्ट १९४३ रोजी, हार्लेम पुन्हा पेटले. एका हॉटेलात गोऱ्या पोलिसाने रॉबर्ट बँडी या कृष्णवर्णीय सैनिकावर गोळी झाडली. सैनिक वाचला, पण तो मेल्याची बातमी पसरली. या दंगलीत सहा जण मेले आणि ते सगळे कृष्णवर्णीय होते. महापौरांनी लोकांना शांत करण्यासाठी ज्यांना मदतीला बोलावले त्यांत बॅटल होते.

१९११ मध्ये पहिला शिपाई, १९३५ मध्ये पहिला लेफ्टनंट, १९४१ मध्ये पहिला आयुक्त. तरीही १९४३ मध्ये गोळी झाडली गेली आणि अफवेवर लोकांचा लगेच विश्वास बसला. बॅटल यांच्या चरित्रातला सर्वांत अवघड धडा हाच आहे. संकटाच्या वेळी व्यवस्थेने त्यांचा चेहरा वापरला, पण आयोगाने सुचवलेल्या बदलांकडे पाठ फिरवली. एका माणसाला वर चढवून संस्था तशीच ठेवता येते. त्या एका माणसाला दोष देणे अन्यायाचे होईल. तो वर चढला म्हणून समाजाने समाधान मानणे मात्र भाबडेपणाचे.

आपल्या इतिहासातली हीच मागणी

पोलीस दलात प्रवेश मिळावा ही मागणी आपल्या चळवळीतही बॅटल यांच्या भरतीइतकीच जुनी आहे. १८९२-९३ च्या सुमारास ब्रिटिशांनी महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे पाठवलेल्या निवेदनात सरकारी नोकरीच्या खालच्या जागांबरोबर पोलीस आणि सैन्यातल्या भरतीचीही मागणी होती. न्यूयॉर्कमध्ये बॅटल शिपाई झाले ते त्यानंतर एका वर्षाने.

सरकारी नोकरीतल्या प्रतिनिधित्वाचा आग्रह बाबासाहेबांनी सतत धरला, तो काही घरांना पगार मिळावा एवढ्यासाठी नव्हता. गावात अन्याय झाला की तक्रार घेणारा, चौकशी करणारा आणि निकाल देणारा सगळेच सवर्ण असतील, तर कायदा कितीही चांगला असला तरी तो दलितांपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. आज अत्याचारप्रतिबंधक कायदा आहे, राखीव जागा आहेत, आपली मुले-मुली वर्दीत आहेत. तरी ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचे प्राण गेले, हेही आपण विसरलेलो नाही. प्रतिनिधित्व आणि उत्तरदायित्व या दोन वेगळ्या लढाया आहेत आणि दोन्ही लढाव्या लागतात.

शेवटची वर्षे आणि स्मरण

बॅटल १९५१ मध्ये निवृत्त झाले. हार्लेममधल्या ‘स्ट्रायव्हर्स रो’ या प्रतिष्ठित वस्तीत त्यांचे घर होते. आपले चरित्र लिहून घेण्यासाठी त्यांनी थोर कवी लँगस्टन ह्यूज यांना काम दिले होते. ह्यूज यांनी हस्तलिखित पूर्ण केले, पण त्याला प्रकाशक मिळाला नाही. १९६० मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या मौखिक इतिहास प्रकल्पाने बॅटल यांच्या आठवणी नोंदवून घेतल्या. ७ ऑगस्ट १९६६ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पत्रकार आर्थर ब्राऊन यांनी ह्यूज यांच्या हस्तलिखिताचा आधार घेऊन २०१५ मध्ये ‘वन राइचस मॅन’ हे त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. म्हणजे त्यांची कथा छापील रूपात लोकांसमोर नीट यायला निधनानंतर जवळपास अर्धे शतक लागले.

हार्लेमच्या ठाण्याचे नेतृत्व पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय अधिकाऱ्याकडे आले ते १९६० च्या दशकात. न्यूयॉर्कला पहिले कृष्णवर्णीय पोलीस आयुक्त, बेंजामिन वॉर्ड, १९८४ मध्ये मिळाले. बॅटल यांच्या नेमणुकीला तेव्हा ७३ वर्षे होत आली होती. २००९ मध्ये लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यू आणि १३५ व्या रस्त्याच्या चौकाला बॅटल यांचे नाव देण्यात आले. १९१९ मध्ये त्यांनी गोऱ्या सहकाऱ्याला वाचवले तो हाच चौक.

आपल्याकडेही प्रत्येक जिल्ह्यात पहिला दलित फौजदार, पहिली बौद्ध महिला शिपाई, पहिला ठाणेदार कुणीतरी होऊन गेले आहे. त्यांच्या वाट्यालाही वेगळा माठ आणि अबोला आला असेल. त्यांपैकी बरेच जण आता थकलेले, निवृत्त आहेत, काही आपल्याच विहारात रविवारी वंदनेला येतात. बॅटल यांच्या आठवणी नोंदवायला एक विद्यापीठ आले. आपल्याकडे ते काम गावोगावच्या युवक मंडळांनी करायला हवे. एक वही आणि मोबाईलमधला रेकॉर्डर घेऊन त्यांच्यासमोर बसा. भरती कशी झाली, पहिल्या दिवशी ठाण्यात कोण बोलले आणि कोण बोलले नाही, अत्याचाराची तक्रार घेऊन कुणी आले तेव्हा त्यांनी काय केले, हे विचारा. ही माणसे आहेत तोवरच हे काम होईल.